हार घातलेले स्थळ

एका माणसाचा परिचय दुसऱ्याला करून देणे हे काम दिसते तितके हलके नाही. ज्याचा परिचय द्यायचा तो आपले नाव विश्वासाने आपल्या स्वाधीन करतो. ज्याला द्यायचा तो आपल्या शब्दावर विसंबून दार उघडतो. एकाची भीड धरली तर दुसऱ्याची वंचना होते, आणि दोघांशी सारखेच प्रामाणिक राहू गेले तर बहुधा दारच उघडत नाही. या धर्मसंकटात मी एकदा सापडलो होतो. त्या गोष्टीला आता पुष्कळ वर्षे लोटली.

पुणतांब्याच्या आमच्या वेदपाठशाळेच्या कार्यालयात मी एका रविवारी सकाळी पंचांग पाहत बसलो होतो. विश्वंभर दारात आला. उजव्या हातात मोबाइल त्याने असा धरला होता, जणू तुपाचे तापलेले भांडे धरावे.

"गुरुजी," तो शांतपणे म्हणाला, "मी आज पुन्हा वारलो."

विश्वंभर नेवासकर हा माझा विद्यार्थी. लहानपणी पाठशाळेत आला आणि इथेच रुजला. संपूर्ण संहिता त्याला मुखोद्गत होती. वेदपठणातला सर्वांत अवघड असा घनपाठ म्हणू लागला की गोदावरीच्या पलीकडच्या तीरावर गुरे चारणारी माणसे थांबून ऐकत. माझ्या गुरूंकडून मला जी पाठाची परंपरा मिळाली ती पुढे नेईल असा माझ्यामागे हाच एक होता. देहाने धिप्पाड, स्वभावाने हसरा. परंतु वय चौतिशीला आले तरी त्याचा विवाह जमत नव्हता. पुरोहित आणि तोही खेडेगावातला, एवढे कानी पडताच मुलीकडची मंडळी पत्रिका न जुळल्याचे सांगत. पुष्कळदा तर पत्रिका मागण्याच्या आधीच.

म्हणून पाठशाळेच्या संकेतस्थळावर आम्ही अशा अविवाहित पुरोहितांसाठी स्वतंत्र पाने केली होती. प्रत्येकाला आपले एक पान. त्याची लिंक मोबाइलवरून कोणालाही पाठवावी, त्याने ती उघडावी आणि सर्व माहिती वाचावी, अशी योजना. योजना उत्तम होती. दोष होता तो आमच्या श्रद्धेत, असे म्हणणे मला अजूनही जड जाते. म्हणून एवढेच म्हणतो की आमची श्रद्धा आणि मोबाइल यांची आधी ओळख झालेली नव्हती.

पाठशाळेचे कार्यवाह दत्तोपंत हे संस्थापक कै. नारायणशास्त्री यांचे पुतणे. त्यांचा दंडक असा, की कोणतेही लेखन मंगलाचरणावाचून सुरू होऊ नये. त्यामुळे संकेतस्थळाच्या प्रत्येक पानावर सर्वप्रथम संस्थापकांचे चंदनाचा हार घातलेले छायाचित्र, त्याखाली गणेश, शारदा, गुरू, कुलदेवता, ग्रामदेवता आणि क्षेत्रपाल यांना क्रमाने वंदन, आणि मग मुख्य मजकूर. पोथीचा आरंभ असाच होतो. आम्हां कोणालाच यात काही वावगे दिसले नाही.

परंतु लिंक पाठवली की मोबाइल आपल्या बुद्धीने एक लहानशी चौकट तयार करतो. पानावरचे पहिले चित्र आणि पहिल्या दोन ओळी उचलून तो त्या चौकटीत मांडतो. त्यामुळे विश्वंभराची लिंक ज्याला मिळे त्याला प्रथम दिसे ते हार घातलेले वृद्ध छायाचित्र. त्याखाली ठळक अक्षरांत 'वेदमूर्ती विश्वंभर नेवासकर'. आणि त्याखाली देवतांना वंदन करता करता क्षेत्रपालापाशी येऊन जागा संपलेली.

त्या दिवशी अमरावतीच्या एका बाईंनी त्यावर उत्तर धाडले होते, 'फार वाईट झाले. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो.' याआधी नांदेडच्या एका गृहस्थांनी तर दूरध्वनी करून सांत्वन केले होते आणि बोलता बोलता विचारले होते की तुमच्या गावी दहाव्याचे विधी कोण करते. विश्वंभराला असत्य बोलता येत नाही. तो म्हणाला, "मीच करतो." त्यांनी पुढे काही विचारले नाही.

हे सर्व सांगताना विश्वंभर हसत होता. परंतु मोबाइल खिशात ठेवल्यावर त्याने जे सांगितले ते हसण्याजोगे नव्हते. त्याच्या मावसभावाची पुण्याजवळ भोसरीला मालवाहतुकीची कचेरी होती. तिथे त्याला जागा देऊ केली होती आणि येत्या पौर्णिमेनंतर रुजू व्हायचे होते. शहरात राहिलो, नोकरी केली, तर कदाचित घर बसेल, असे तो म्हणाला. घनपाठाचे काय, असे मी विचारले नाही. चौतीस वर्षांच्या माणसाने घर मांडायचे की माझी परंपरा राखायची, हे विचारण्याचा अधिकार मला नव्हता.

तथापि त्याच सकाळी खामगावहून वसंतराव वाडेगावकरांचा दूरध्वनी आला होता. शेगावच्या एका सप्ताहात त्यांची माझी ओळख झाली होती. त्यांची कन्या रेणुका शाळेत विज्ञान शिकवीत असे. काही वर्षे पुण्यात राहून ती कंटाळून परतली होती आणि आता लहान गावीच राहीन असे म्हणत होती. मी विश्वंभराविषयी सुचवले होते. वसंतराव म्हणाले की आज त्यांच्या नातीचे बारसे आहे, सगळे आप्त जमणार आहेत. लिंक पाठवून ठेवा, जेवणे झाली की सर्वांना दाखवतो आणि आजच काय ते ठरवतो. उद्या मंडळी पांगली की पुन्हा दिवाळीपर्यंत एकत्र येत नाहीत.

म्हणजे दुपारच्या पंगती उठण्यापूर्वी विश्वंभराला जिवंत करणे आवश्यक होते.

सुदैवाने माझी सून गौतमी त्या दिवशी नाशिकहून आलेली होती. तिचा व्यवसायच संकेतस्थळे करण्याचा. मी तिला बोलावणे धाडले. ती संगणक घेऊन आली, कार्यालयातल्या बाकावर मांडी घालून बसली आणि चौकट पाहताच पदराने, म्हणजे ओढणीने, तोंड झाकून बराच वेळ खोकत राहिली. मग तिने गंभीर होऊन सांगितले की उपाय आहे. प्रत्येक पानाच्या पोटात मोबाइलसाठी एक वेगळी सूचना लिहून ठेवता येते: चौकटीत अमुक चित्र लाव, अमुक नाव दे, अमुक दोन ओळी दाखव. ती सूचना नसली म्हणजे मोबाइल हाताला लागेल ते उचलतो.

"बाबा, लोक पान उघडतच नाहीत," ती म्हणाली. "उंबऱ्यावर जे दिसतं, त्यावरून माघारी फिरतात."

इतक्यात दत्तोपंत आले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि आपली काठी कोपऱ्यात उभी करून सावकाश विचारले की संस्थापकांना हलवण्याचा ठराव कोणत्या सभेत झाला. गौतमीने समजावले की पानावरून काहीच हलणार नाही. दत्तोपंतांचे म्हणणे असे की मग बाहेर जाताना तरी काकांना मागे का ठेवायचे. ज्यांनी पाठशाळा उभारली त्यांना दाराआड बसवून उमेदवाराने पुढे जावे, हा कोणता शिष्टाचार. ते रागावले नव्हते. दुखावले होते, आणि दुखावलेल्या माणसाला तंत्राने समजावता येत नाही.

मी क्षणभर विचार केला आणि म्हणालो, "दत्तोपंत, देवळातली मूळ मूर्ती कधी पालखीत बसते काय?"

ते माझ्याकडे पाहू लागले.

"मूळ मूर्ती गाभाऱ्यात अचल असते," मी म्हणालो. "गावातून फिरते ती उत्सवमूर्ती. त्यामुळे गाभाऱ्याचा मान उणा होतो, असे कोणी म्हणत नाही. नारायणशास्त्री गाभाऱ्यात आहेत. विश्वंभराला पालखीत बसू द्या."

दत्तोपंतांनी डोळे मिटले. बहुधा मनातल्या मनात त्यांनी काकांची अनुमती घेतली असावी. डोळे उघडून ते म्हणाले, "पालखीला माझी हरकत नाही. परंतु उत्सवमूर्ती जरा विंचरून घ्या."

मग छायाचित्राचा शोध सुरू झाला आणि एक चमत्कारिक गोष्ट उघडकीस आली. विश्वंभराची छायाचित्रे पुष्कळ होती, पण ती सर्व दुसऱ्यांच्या कार्यातली. होमाजवळ बसलेला असेल तर धुरात मुख दिसत नसे. विवाहातला असेल तर अंतरपाटामागून केवळ त्याची बोटे आणि शेंडी दिसे. ज्या एका चित्रात तो पूर्णपणे आणि प्रसन्न दिसत होता, त्यात त्याच्या डाव्या हाताला नटलेली वधू होती. वर कोठे तरी चपला शोधायला गेला असावा. गौतमी म्हणाली की हे पाठवले तर मागची चौकट बरी म्हणायची वेळ येईल.

अखेर एका वास्तुशांतीचे चित्र मिळाले. त्यात विश्वंभर एकटा, सोवळे नेसून, हातात पळी घेऊन, सरळ उभा होता. सर्वांना ते आवडले. गौतमीने ते चढवले आणि नमुन्यादाखल चौकट करून दाखवली. चौकट आडवी, चित्र उभे. मोबाइलने मधला भाग ठेवला आणि वरचा-खालचा कापून टाकला. मस्तक गेले, चरण गेले. उरले ते विश्वंभराचे विशाल उदर, त्यावरून गेलेले जानवे आणि नाभीच्या बरोबर समोर धरलेली पळी.

आम्ही सर्व जण काही काळ त्या उदराकडे पाहत राहिलो.

"जानवे मात्र स्वच्छ आले आहे," दत्तोपंत म्हणाले.

"काका, हे नको," विश्वंभर म्हणाला, "नाहीतर खामगावला वाटेल, नैवेद्याचा फोटो पाठवलाय."

शेवटी गौतमीने नवीनच चित्र घ्यायचे ठरवले. विश्वंभराला खिडकीपाशी बसवले. पण मोबाइल समोर येताच तो असा ताठ झाला, जणू आता संकल्प सोडायचा आहे. गौतमी हसा म्हणाली की तो दात दाखवी, आणि हसू नका म्हणाली की त्याच्या मुद्रेवर वैराग्य पसरे. तेवढ्यात दत्तोपंत कंगवा घेऊन त्याच्या शेंडीमागे लागले, ती त्यांच्या हातून निसटली, आणि विश्वंभर मोठ्याने हसला. नेमके ते चित्र निघाले. त्यात तो जसा आहे तसाच होता.

राहिल्या दोन ओळी.

दत्तोपंतांनी सांगितले की त्या त्यांच्याकडे तयार आहेत. त्यांनी गोत्र सांगितले, तीन ऋषींचे प्रवर सांगितले, शाखा आणि सूत्र सांगितले, आणि उपास्यदेवता सांगण्यापूर्वी गौतमीने नम्रपणे कळवले की दुसऱ्या ऋषीपाशीच जागा संपली आहे. मग मी, तोवर गप्प बसलो होतो तो, म्हणालो की विश्वंभरावर एक अनुष्टुभ् श्लोक मला सुचला आहे. तो श्लोक वाईट नव्हता, असे मी आजही म्हणेन. गौतमीने तो लिहून पाहिला. चौकटीत त्यातले 'विश्वंभरो महा' एवढेच मावले आणि पुढे तीन टिंबे आली. महा काय, हे खामगावला आपल्या मगदुरानुसार ठरवावे लागले असते.

यानंतर दत्तोपंतांनी आवाज खाली आणून मला एक सूचना केली. पुरोहित हा शब्दच मुळी नको. त्या शब्दाने स्थळे फिरतात. त्याऐवजी 'वैदिक सल्लागार' असे लिहावे. त्यात खोटे काय? यजमान मुहूर्त विचारतात, हा सांगतो. म्हणजे सल्लाच देतो. आणि कार्यक्षेत्र लिहावे 'नाशिक, पुणे व परिसर'. विश्वंभर वर्षातून एकदा पुण्याला जातोच.

गौतमीही म्हणाली की बाबा, हल्ली सगळेच असे लिहितात.

मला मोह झाला. माझ्या डोळ्यांपुढे भोसरीची कचेरी उभी राहिली, आणि तिथे पावत्या फाडणारा तो स्वर. एक शब्द बदलल्याने तो स्वर गोदातीरावर राहत असेल, तर शब्द बदलायला काय हरकत आहे, असा विचार माझ्या मनात येऊन बसला. आणि तो पाहुण्यासारखा नव्हे, घरच्यासारखा बसला. सर्वजण माझ्याकडे पाहत होते. मी पंचांगाचे पान उलटले.

तेव्हा विश्वंभर बोलला.

"गुरुजी, तिनं दार उघडलं, आत आली, आणि आत सल्लागार सापडला नाही, तर मी तिला काय सांगू?"

मी पंचांग मिटले आणि त्याला म्हणालो की तुझ्या चौकटीत काय लिहायचे ते तूच सांग, आम्ही कोणी मध्ये बोलणार नाही. तो खिडकीतून बाहेर पाहत राहिला. त्याला इतका वेळ लागला की दत्तोपंतांनी दोनदा घसा खाकरला. मग त्याने एकेक वाक्य तोलून सांगितले आणि गौतमीने ते उतरवून घेतले:

'पुरोहित आहे. दुसऱ्यांची पुष्कळ लग्ने लावली. पुणतांब्यातच राहणार. स्वयंपाक येतो.'

तिसऱ्या वाक्यापाशी मी मान वर केली. भोसरीला जाणारा माणूस पुणतांब्यातच राहणार असे लिहितो, हे मला खटकले, आणि असत्य न बोलणाऱ्या माणसाने लिहावे हे अधिकच खटकले. मी विचारणारच होतो. पण 'मध्ये बोलणार नाही' हे वचन मी नुकतेच दिले होते. शिवाय पाठशाळेच्या मुलांच्या जेवणाची वेळ झाली होती, आणि त्या दिवशी आचारी रजेवर असल्याने विश्वंभर पिठले टाकायला स्वयंपाकघराकडे निघूनही गेला.

गौतमीने ते हसरे चित्र पानावर मुख्य मजकुरापाशी लावले, सर्व सूचना पानाच्या पोटात लिहिल्या आणि म्हणाली की आता कोणी काही पाठवू नका, आधी मी माझ्याच मोबाइलवर पाहते. हे वाक्य तिने दत्तोपंतांकडे पाठ करून उच्चारले, एवढीच तिची चूक. पंगतींची वेळ टळू नये या सद्हेतूने दत्तोपंतांनी तोवर वसंतरावांना लिंक पाठवली होती.

"गेली," ते समाधानाने म्हणाले, आणि आपला मोबाइल त्यांनी आमच्यासमोर धरला.

चौकट आली होती. तळाशी विश्वंभराची वाक्ये अक्षरशः उमटली होती. परंतु वर त्याचे हसरे चित्र नव्हते. वर होते चंदनाचा हार घातलेले नारायणशास्त्री.

गौतमीने कपाळाला हात लावला. तिने सांगितले त्यावरून मला असे उमगले, की मोबाइलच्या मागे कोठेतरी एक मोठे यंत्र असते आणि त्याने एकदा पाहिलेले चित्र ते स्वतःपाशी साठवून ठेवते. मजकूर त्याने नवा उचलला, चित्र मात्र साठवणीतले लावले. त्याला 'विसर' असे वेगळे सांगावे लागते, आणि ते सांगण्याआधीच लिंक गेली. मी मनाशी म्हणालो की पूर्वसंस्कार यंत्रालाही सुटत नाहीत. परंतु ती वेळ शास्त्रचर्चेची नव्हती. पाठवलेले परत घेण्याची सोय त्या काळी नव्हती. आता खामगावच्या भरल्या घरात एक दिवंगत वृद्ध, गळ्यात हार घालून, आपण पुणतांब्यातच राहणार असल्याचे आणि आपल्याला स्वयंपाक येत असल्याचे कळवीत होता.

मी वसंतरावांना दूरध्वनी लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. बारशाच्या गोंधळात कोण उचलणार. दत्तोपंत कोपऱ्यातली काठी उचलून परत ठेवीत होते. त्यांचा चेहरा इतका उतरला होता की गौतमीने उठून त्यांना पाणी दिले. ते पुटपुटले की काकांनीच हे केले. त्यांना पालखीबाहेर ठेवले ते त्यांना रुचले नाही. विश्वंभराला हे सांगायचे कोणी, यावर आमचे एकमत होईना, म्हणून कोणीच सांगितले नाही. स्वयंपाकघरातून पिठल्याच्या फोडणीचा वास येत राहिला.

मुलांची पंगत बसली आणि माझा मोबाइल वाजला. मी तो उचलला.

"नमस्कार. मी रेणुका वाडेगावकर बोलतेय, खामगावहून," एका तरुण स्त्रीचा स्वर आला. मागे बराच कल्लोळ होता आणि एक मूल रडत होते. "बाबांनी हा नंबर दिला. फोटोतले ते आपणच का?"

"नाही," मी म्हणालो. "ते आमचे संस्थापक. ते कैलासवासी झाले."

"मग स्वयंपाक कोणाला येतो?"

"विश्वंभराला. तो हयात आहे."

"बरं झालं," ती म्हणाली. तिला हसू आवरत नव्हते, हे मला ऐकू येत होते. "माफ करा हं, मुद्दामच विचारलं. इथे सगळ्यांसमोर बाबांनी ते मोठ्यानं वाचलं. आमच्या आत्यानं फोटो पाहिला, मजकूर ऐकला आणि म्हणाली, 'मेल्यावरही स्वयंपाक करतो म्हणून राहिला. असा माणूस नाही सोडायचा बापा.' त्यावर घर इतकं हसलं की पाळण्यातलं बाळ जागं झालं. मग हे आहेत तरी कोण, म्हणून आम्ही लिंक उघडली. मी सगळं वाचलं, त्या नमस्कारांपासून. पुढं त्यांचा खरा फोटोही पाहिला."

मी दत्तोपंतांकडे पाहिले. ते डोळे मिटून उभे होते.

"मला एकच विचारायचंय," ती म्हणाली, आणि आता तिच्या स्वरात हसू नव्हते. "आधीचं एक स्थळ 'गावात राहतो, शेती पाहतो' म्हणून आलं होतं. सगळं ठरत आल्यावर कळलं, त्यांनी कॅनडाचे कागद भरलेत. हे पुणतांब्यातच राहणार लिहिलंय. ते नक्की आहे का?"

मघाशी ज्या वाक्यापाशी मी मान वर केली होती, ते वाक्य आता माझ्यापुढे येऊन उभे राहिले. 'हो' म्हणावे तर भोसरी मला ठाऊक होती. 'नाही' म्हणावे तर आम्ही जे इतक्या यातायातीने उघडले ते दार माझ्याच हाताने लोटल्यासारखे होते. मी म्हणालो, "बाई, याचे उत्तर मला देता येणार नाही. ज्याने लिहिले त्याला विचारा," आणि मोबाइल हातात धरून मी पंगतीकडे गेलो.

विश्वंभर मुलांना पिठले वाढत होता. मी त्याला सांगितले की खामगावहून रेणुका बोलते आहे आणि विचारते आहे की तू इथेच राहणार हे नक्की काय. त्याने पातेले खाली ठेवले, हात उपरण्याला पुसले आणि मोबाइल कानाला लावला.

"नमस्कार," तो म्हणाला. "खरं सांगतो. काल विचारलं असतं तर नाही म्हणालो असतो. पुण्याला नोकरी मिळत होती, तिकडं निघालो होतो. पण आज सकाळी या लोकांनी मला, मी कोण ते दोन ओळींत सांग म्हटलं. 'पुरोहित आहे' एवढं सांगितलं आणि पुढं 'भोसरीत राहणार' काही जुळेना. तेव्हाच ठरवलं. तुमचं काहीही ठरलं तरी मी आता इथून जात नाही."

पलीकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आले नाही. विश्वंभर बराच वेळ ऐकत होता. मग तो म्हणाला, "पिठलं. हो, आत्ताच. ... नाही, गुठळ्या होत नाहीत."

गौतमी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती. तिने मला हळूच सांगितले की यंत्राला विसरायला लावले आहे. आता कोणालाही लिंक पाठवली तरी विश्वंभराचेच चित्र जाईल. मी तिला म्हणालो की बहुधा ती आता कोणाला पाठवावी लागणार नाही.

पुढच्या वैशाखात खामगावला विवाह झाला. मंगलाष्टके मी म्हटली. माझा स्वर त्या दिवशी मला अभिप्रेत होता तितका स्थिर राहिला नाही. भोसरीची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली आणि तो सुखात असेल. पाठशाळेत आज जी मुले घनपाठ म्हणतात ती विश्वंभराने तयार केलेली आहेत, आणि त्यांतली काही जण संध्याकाळी रेणुकाकडे विज्ञानही शिकतात. इतर अविवाहित पुरोहितांच्या पानांवर गौतमीने एकेक करून चौकटी बसवल्या. प्रत्येकाला तिने एकच सांगितले की दोन ओळी स्वतः लिहा. त्यांना त्या लिहायला फार वेळ लागतो, असे ती म्हणते.

विश्वंभर आणि रेणुका यांच्या घरी अन्नाला आणि शब्दाला कधी उणेपणा न येवो. गौतमीच्या हाताला यश असो. दत्तोपंतांचे वार्धक्य सुखाचे जावो. खामगावच्या त्या आत्याबाईंचे हसणे अखंड राहो, आणि ज्या बाळाची त्या दुपारी आमच्यामुळे झोपमोड झाली, त्याला दीर्घ आयुष्य आणि शांत निद्रा लाभो.